चेनसॉचा पुढचा गार्ड तिसऱ्यांदा त्याच जागी तुटला: दोष प्लास्टिकचा की आणखी कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्नास सीसीच्या आसपासची पेट्रोल चेनसॉ, वय साडेतीन वर्षं. पुढच्या हँडलसमोरचा काळा प्लास्टिकचा गार्ड उजवीकडे, म्हणजे क्लचच्या बाजूला, पिनेच्या भोकापाशी तुटला. याआधी दोनदा नेमका तिथेच तुटला होता. प्रश्नकर्त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा प्लास्टिकचाच दोष आहे का? ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट मारून जोडली तर चालेल का? आणि नवा गार्ड येईपर्यंत तसंच काम केलं तर काय बिघडतं, चेन तर व्यवस्थित चालते आहे?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी दोन्हींना वेळ आहे. मशीन बाजूला ठेवा. टाकीतलं पेट्रोल काढा, म्हणजे मोह होणार नाही. चेन व्यवस्थित चालते आहे हीच तर अडचण आहे, आणि ती का ते पुढे सांगतो.

गेली बावीस वर्षं मी ही मशीनं उघडतो आहे. गार्ड म्हणजे उडणाऱ्या काटक्यांपासून हाताला आडोसा, असं बहुतेकांना वाटतं. आडोसा तो आहेच, पण खरं तर तो ब्रेकचा खटका आहे. गार्ड पुढे गेला की आतली गुडघ्यासारखी दुमडणारी कडी सुटते, दाबून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते आणि पोलादी पट्टा क्लचच्या ड्रमभोवती आवळला जातो. गार्ड दोन प्रकारांनी पुढे जातो. एक, मशीन उसळून मागे आलं की डावं मनगट त्यावर आदळतं. दोन, मनगट लागलंच नाही तरी गार्डच्या स्वतःच्या वजनामुळे. बारचं, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते त्या लांब पट्टीचं, टोक झटक्यात वर उडतं, मशीन हाताभोवती फिरतं, गार्डचा वरचा भाग मात्र जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहू बघतो. मशीनच्या हिशेबाने पाहिलं तर तो पुढे गेला. खटका सुटला.

ही दुसरी तऱ्हा महत्त्वाची आहे. उभं झाड पाडताना मशीन आडवं धरलेलं असतं आणि डावा हात हँडलच्या बाजूच्या भागावर असतो. मनगट गार्डच्या मागे नसतंच. त्या वेळी तुमच्या बाजूने फक्त जडत्व असतं.

थोडा हिशेब करू. ३/८ इंच पिचची चेन आणि ७ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, धरा. पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं निम्मं, त्यामुळे एका दातामागे चेन दोन पिच पुढे सरकते. एका फेऱ्यात चेन साधारण १३३ मिमी पुढे जाते. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर चेनचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. चेनसॉसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ब्रेकला चेन थांबवायला सरासरी ०.१२ सेकंद दिले आहेत, जास्तीत जास्त ०.१५. वेग एकसारखा कमी होत शून्यावर आला असं मानलं तरी त्या ०.१२ सेकंदात सव्वा मीटरहून जास्त चेन पुढे सरकते. स्प्रॉकेटमध्ये बसणाऱ्या ७२ कड्या असलेल्या चेनची पूर्ण लांबी आहे १.३७ मीटर. सगळं ठणठणीत असलेल्या मशीनवरसुद्धा ब्रेक लागेपर्यंत चेनचा जवळजवळ एक पूर्ण वेढा फिरून जातो. आता त्या आधी खटका उशिरा सुटला, किंवा सुटलाच नाही, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आता प्लास्टिककडे वळू. तुमचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या गोष्टीवर आहे. चांगल्या मशीनचा गार्ड बादली-मगाच्या प्लास्टिकचा नसतो. त्यात नायलॉन असतं आणि नायलॉनमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात, बऱ्याचदा वजनाने तीस टक्के. गार्डच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पीए ६ जीएफ ३०’ असं उठवलेलं दिसेल, त्याचा अर्थ हाच. हा माल पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही, सायलेन्सरच्या शेजारी टिकतो, वाकून परत सरळ होतो. धातूचा गार्ड एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वाकलेला गार्ड खटका अर्धवट दाबून धरतो. शिवाय वजन. खटका जडत्वावर चालायचा तर गार्डचं वजन आणि ते वजन पिनेपासून किती उंचावर आहे, हे दोन्ही ग्रॅम-मिलिमीटरच्या हिशेबात बसवावं लागतं. प्लास्टिक निवडणाऱ्याने काटकसर केली असेलही, पण निवड चूक नाही.

चूक आहे भोकाच्या भोवती.

गार्ड साच्यात बनतो. वितळलेलं नायलॉन एका तोंडातून आत शिरतं. जिथे भोक हवं तिथे साच्यात एक खुंटी उभी असते. प्रवाहात खडक आला की पाणी दोन्हीकडून वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतं, तसं हे नायलॉन खुंटीच्या पलीकडे भेटतं. पण तोवर दोन्ही धारांची तोंडं थोडी निवलेली असतात. ती एकमेकांना चिकटतात, एकजीव होत नाहीत. काचतंतूंचं तर आणखी वाईट: ते प्रवाहाबरोबर वाहत आलेले असतात आणि जिथे धारा भेटतात तिथे शिवणीला समांतर आडवे पडतात. शिवण ओलांडून पलीकडे जाणारा तंतू जवळजवळ नसतोच. म्हणजे ज्या काचेच्या जोरावर हा माल मजबूत म्हणायचा, ती काच शिवणीत कामालाच येत नाही. तिथली ताकद कधी कधी बाकीच्या अंगाच्या निम्म्यावर येते. भोक असलेल्या प्रत्येक साच्यातल्या वस्तूला ही शिवण असते, ती टाळता येत नाही. साच्याचं तोंड कुठे ठेवायचं हे ठरवून ती कुठे पडेल ते मात्र ठरवता येतं. ताण कमी असेल त्या बाजूला पडली तर कुणाला कळतही नाही. तुमच्यासारख्या गार्डांमध्ये ती पडते भोक आणि गार्डचा पाय (वरून पिनेपर्यंत उतरणारा दांडा) यांच्यामधल्या अरुंद जागी, म्हणजे सगळा जोर जिथून जातो तिथेच.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. गार्डचा पाय जिथे गोल बोळक्याला, म्हणजे पिनेच्या भोकाभोवतीच्या जाड कड्याला, येऊन मिळतो तो आतला कोपरा बोटाने चाचपून बघा. नखाला धार लागली तर तो कोपरा वाईट आहे. ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि कोपरा जितका तीक्ष्ण तितका जास्त. साचा बनवताना तिथे भिंतीच्या जाडीच्या निदान निम्मी गोलाई द्यायची असते, ३ मिमी भिंत असेल तर दीड मिमी. यासाठी मालही फारसा जास्त लागत नाही. मग देत का नाहीत? शेजारी क्लचचं झाकण असतं, गोलाई दिली की गार्ड झाकणाला घासतो, झाकण बदलायचं तर दुसरा साचा. कुणीतरी कधीतरी कोपरा काटकोनात ठेवला आणि तो तसाच पुढच्या मॉडेलमध्ये गेला. माझा हा अंदाज आहे, पण दोन मॉडेलचे गार्ड शेजारी ठेवून बघितलेत की तुम्हालाही तसंच वाटेल.

तिसरी गोष्ट स्क्रूची. बऱ्याच गार्डांत भोकात पोलादी नळी बसवलेली असते. स्क्रू कितीही आवळा, दाब नळीवर जातो आणि प्लास्टिक मोकळं राहतं. नळी नसेल किंवा मागच्या दुरुस्तीत ती हरवली असेल, तर स्क्रूचा दाब थेट प्लास्टिकवर येतो. नायलॉन असा कायमचा दाब सहन करत नाही, ते हळूहळू सरकतं. स्क्रू ढिला होतो, आपण पुन्हा आवळतो, ते पुन्हा सरकतं. दोन-तीनदा असं झालं की भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडते. माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या गार्डांपैकी पुष्कळांत ही नळी कुणीतरी आधीच्या वेळी टेबलावरच विसरलेला असतो. हे मी दुसऱ्यांबद्दल सांगतो आहे असं नाही. सुरुवातीच्या काळात एक नळी माझ्याही खिशातून निघाली होती, मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर.

उष्णता, ऊन, थंडी यांचाही वाटा आहे, पण छोटा. नायलॉन हवेतलं पाणी थोडं शोषून घेतं आणि त्यानेच चिवट राहतं. सायलेन्सरच्या उष्णतेने ते सतत कोरडं होत राहिलं की ठिसूळ होतं. कडक थंडीतही तसंच. उन्हाने वरचा थर भुरकट होतो, रंगीत गार्डाचा जास्त, काळ्याचा कमी. पण या सगळ्यांनी गार्ड कुठूनही तुटायला हवा. तीन वेळा एकाच जागी तुटतो म्हणजे जागाच सांगते आहे.

आता ‘चेन तर चालते आहे’ या मुद्द्याकडे येतो. या रचनेतली माझ्या मते सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे.

वर ज्या गुडघ्याच्या कडीचा उल्लेख केला ती ब्रेक मोकळा असताना सरळ रेषेच्या किंचित पलीकडे टेकून उभी असते. आपला गुडघा ताठ करून उभं राहिलं की पायाला जोर लावावा लागत नाही, तसंच. स्प्रिंग कितीही ढकलत असली तरी कडी स्वतःच्या बळावर उभी राहते. गार्डचं काम एवढंच की मागून टिचकी मारून हा गुडघा मोडायचा. म्हणून गार्डचं बोळकं फुटलं तरी गुडघा ताठ राहतो, ब्रेक मोकळा राहतो आणि मशीन काहीच घडलं नसल्यासारखं चालतं. टिचकी मारणारंच कुणी उरलेलं नसतं, एवढाच फरक. फुटल्याबरोबर ब्रेक आपोआप लागून चेन जाम झाली असती, तर तुम्ही शिव्या देत का होईना मशीन दुरुस्तीला आणलं असतं. सुरक्षेचा भाग निकामी झाला तर त्याने काम अडवायला हवं. हा अडवत नाही.

त्यातून पूर्ण तुटलेला गार्ड निदान दिसतो. तडा गेलेला दिसत नाही. एकदा एक जण चेनला धार लावायला मशीन घेऊन आला, बाकी काही तक्रार नाही. टेबलावर ठेवताना सवयीने मी गार्ड पुढे ढकलला. गार्ड गेला पुढे, पण ‘खट्’ झालं नाही. मागे ओढला, परत आला, तेव्हाही आवाज नाही. पुसून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर बोळक्याला अर्ध्यापर्यंत तडा होता. ढकलला की तडा उघडायचा, गार्डचा पाय पुढे जायचा आणि बोळकं जागीच राहायचं. हाताची सगळी हालचाल तडाच खाऊन टाकत होता. डावीकडच्या पिनेवर गार्ड ताठ उभा होता, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला नवाच वाटावा. मालकाला विचारलं, शेवटचा ब्रेक कधी लावला होता? तो म्हणाला, लागतच नाही कधी, चांगलं मशीन आहे. ब्रेक न लागणं हा त्याला गुण वाटत होता. किती दिवस तो तसं वापरत होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून रोज काम सुरू करण्याआधी गार्ड हाताने एकदा पुढे आणि एकदा मागे करा. दोन्ही वेळा स्पष्ट आवाज आणि झटका जाणवायला हवा. नंतर गार्डचं वरचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा आणि नजर भोकापाशी ठेवा, टोकाकडे नको. टोकाला थोडा ढिलेपणा सगळ्यांच्यातच असतो. बोळक्याशी रेघ उघड-मीट करताना दिसली की संपलं. भुसा आणि तेलाचा थर असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा, तडा त्या थराखाली मजेत लपतो. टाल्कम पावडर चोळून फुंकर मारली तर चिरेत पांढरी रेघ राहते. हा जुनाच उपाय आहे आणि चालतो.

जडत्वाची परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. जमिनीवर लाकडाचा जाड ओंडका ठेवा. मशीन कुशीवर न कलवता, बार जमिनीला समांतर राहील असं त्याच्यावर धरा, ब्रेक मोकळा. मागचं हँडल उजव्या हातात ठेवून पुढचा हात सोडा आणि बारचं टोक आपल्या वजनाने ओंडक्यावर पडू द्या. टोक आपटताच ब्रेक लागला पाहिजे. किती उंचीवरून पाडायचं ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते बघा. शेवटची परीक्षा चालू इंजिनवर: मशीन जमिनीवर घट्ट दाबून, पूर्ण रेस देऊन, हँडल न सोडता डावं मनगट पुढे कलवायचं. चेन तात्काळ थांबायला हवी. थांबली की रेस लगेच सोडा. ब्रेक लागलेला असताना रेस धरून ठेवली तर क्लच घसरून ड्रम इतका तापतो की शेजारचं प्लास्टिक आणि ऑइल पंपाचा प्लास्टिकचा गिअर वितळतो. ब्रेक लावून, चोकच्या वाढीव रेसवर मशीन ‘गरम व्हायला’ सोडून देणारे लोक दर वर्षी मला धंदा देतात.

आता तुमच्या मशीनबद्दल. गार्डात वर सांगितलेले दोष असले तरी साडेतीन वर्षांत तीन म्हणजे जरा जास्तच झाले. माझा पहिला संशय आतल्या कडीवर आहे. क्लचच्या झाकणाखाली ओला भुसा आणि चेनचं तेल मिळून डांबरासारखा लगदा होतो. तो गुडघ्याच्या कडीत आणि तिच्या पिनांवर वाळून बसला की कडी जड चालते. मग गार्ड पुढे-मागे करायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो आणि तो सगळा जोर त्या बिचाऱ्या बोळक्यातूनच जातो.

किती फरक पडतो बघा. गार्डचं वरचं टोक पिनेपासून साधारण १२० मिमी उंच आणि कडीला लागणारी टाच पिनेपासून १५ मिमी असेल तर टोकावरचा जोर टाचेवर आठपट होतो. मानकाप्रमाणे टोकाला २० ते ६० न्यूटन जोर लावला की ब्रेक लागायला हवा, म्हणजे साधारण २ ते ६ किलो. ६ किलो लागले तरी टाचेवर ४८ किलो झाले, हे सोसेल असं गृहीत धरूनच गार्ड बनवलेला असतो. कडी जाम होऊन १५ किलो लागायला लागले तर १२० किलो. तेही रोज वीस-पंचवीस वेळा, दर वेळी शिवणीवर.

हे मोजायला फार काही लागत नाही. हुक असलेला साधा स्प्रिंगचा काटा घ्या. इंजिन बंद. हुक गार्डच्या वरच्या मधल्या भागाला अडकवा आणि पुढे, थोडं खालच्या दिशेने हळूहळू ओढा. खटका सुटून ब्रेक लागण्याच्या क्षणी काट्यावर किती होतं ते वाचा. ६ किलोच्या वर गेलं तर नवा गार्ड बसवण्याआधी कडी साफ करा, नाहीतर चौथा गार्डही याच वाटेने जाईल. २ किलोच्या खाली आलं तर उलटा त्रास: फांद्या साफ करताना प्रत्येक धक्क्याला ब्रेक लागेल आणि कंटाळून कुणीतरी गार्डला दोरी बांधेल. असलं मशीनही मी पाहिलं आहे.

कडी साफ करताना एक जपा. ती दाबलेली स्प्रिंग बोट फोडू शकते. काही मशीनमध्ये ही सगळी यंत्रणा क्लचच्या झाकणात असते, काहींमध्ये मशीनच्या अंगात. झाकणात असेल तर मशीनवरून झाकण काढताना ब्रेक मोकळा ठेवा, नाहीतर पट्टा ड्रम धरून ठेवतो. कुठेही असली तरी यंत्रणा उघडण्याआधी ती ब्रेक लावलेल्या स्थितीत आणा म्हणजे स्प्रिंगचा बराच ताण उतरतो, आणि चष्मा घालूनच उघडा. पूर्वी केलेलं नसेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्या. ब्रशने भुसा काढा, कडीच्या पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा आणि पट्ट्याला, ड्रमला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. पट्टा उघडा दिसतोच आहे तर त्याची जाडी सर्वांत झिजलेल्या जागी मोजून घ्या. काही कंपन्या ०.६ मिमीच्या खाली पट्टा बदलायला सांगतात.

दुसरा संशय हाताळणीवर. ब्रेक मुठीने ठोकून लावता का? गार्डला धरून मशीन उचलता का? गाडीत मशीन गार्डवर आडवं पडलेलं असतं का? यातलं कुठलंही एक असेल तर सोडा. लावताना मनगट पुढे कलवायचं, काढताना हँडल न सोडता बोटांनी गार्ड मागे ओढायचा, एवढ्यात काम होतं.

आता ॲल्युमिनियमची पट्टी. ही कल्पना शहाणपणाची वाटते म्हणूनच धोक्याची आहे. रिव्हेटसाठी भोकं पाडलीत की प्रत्येक भोक म्हणजे नवा तडा सुरू व्हायची जागा. पण खरी गडबड वजनाची. पट्टी वर जोडली तर गार्ड जड होतो, जडत्वाचा खटका हलका होतो आणि ब्रेक उगाच लागत राहतो. कमकुवत जागा वाचवायला तुटका भाग कापून गार्ड आखूड केला तर उलट, वजन कमी पडून उसळीत खटका सुटतच नाही. दोन्ही बाबतींत मशीन ज्या हिशेबावर तपासलं गेलं तो हिशेब मोडला. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, सोल्डरिंगच्या इस्त्रीने वितळवून आत तार दाबणं, हे सगळं मी करून पाहिलं आहे, माझ्याच मशीनवर, तरुणपणी. दिसायला झकास होतं. काचतंतू परत जोडले जात नाहीत, त्यामुळे हाताच्या दाबाला टिकतं आणि खऱ्या फटक्याला सुटतं. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला गार्ड थरांच्या मध्ये फाटतो, आणि प्रिंटरचा सगळ्यात नेहमीचा माल ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. सायलेन्सरच्या शेजारी तो मेणबत्तीसारखा वागेल.

जुन्या मशीनवरून काढलेला गार्ड बसवायला हरकत नाही असं लोक म्हणतात. माझी आहे. त्याचं वय आणि त्याने खाल्लेला मार तुम्हाला माहीत नसतो. वय कळायचा एक मार्ग आहे: बऱ्याच साच्यातल्या भागांवर आतून घड्याळासारखं छोटं वर्तुळ उठवलेलं असतं, कडेला महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष आणि बाण. तो भाग साच्यातून कधी निघाला ते त्यावरून समजतं. नवा म्हणून दिलेला भाग कपाटात किती वर्षं पडून होता तेही कळतं, हा वर नफा.

नवा घेताना मूळ कंपनीचाच, भाग क्रमांक जुळवून घ्या. नक्कल हातात आलीच तर वजनकाट्यावर मूळ तुकड्यांशी तुलना करा. पाच-दहा ग्रॅमचा फरकही जडत्वाच्या खटक्याला जाणवतो. मालाचं चिन्ह शोधा. काहीच उठवलेलं नसेल, किंवा ‘एबीएस’ (हे वेगळ्या जातीचं प्लास्टिक) असेल, तर परत करा. एबीएसला पेट्रोल आणि ब्रेक क्लीनर दोन्ही सोसत नाहीत, ताणाखाली ते आपोआप चिरतं. कोपऱ्याला नख लावून बघा. काही कंपन्यांनी सुधारलेला गार्ड त्याच मशीनसाठी वेगळ्या क्रमांकाने काढलेला असतो, कोपऱ्याला गोलाई आणि भोकात पोलादी नळी असलेला. विक्रेत्याला ‘या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक आला आहे का’ असं नेमकं विचारा. नुसता ‘गार्ड द्या’ म्हणालात तर कपाटातला जुना साठा मिळेल.

गार्ड बदलताना बाकीच्या प्लास्टिककडेही नजर टाका. बारच्या खाली पुढे आलेला चेन पकडणारा आकडा तुटून गायब असेल तर तोही घ्या. तो स्वतः तुटून हात वाचवण्यासाठीच असतो, त्याच्या तुटण्याला दोष देऊ नका. रेसच्या लिव्हरवरचा लॉक दाबल्याशिवाय रेस दबत नाही ना, एवढं पाहा. बॅटरीवरच्या मशीनमध्ये गार्ड अनेकदा एका छोट्या स्विचला दाबतो आणि तिथे झिजते ती स्विचला लागणारी प्लास्टिकची टाच, पण तो तुमचा प्रश्न नाही.

तुटलेले तुकडे टाकले नसतील तर नवा गार्ड बसवण्याआधी त्यांची तुटलेली तोंडं उन्हात धरून बघा. जिथे तडा जुना आहे तिथे तेल झिरपून तोंड काळपट, मळकट दिसेल. शेवटच्या फटक्यात तुटलेला भाग फिका आणि खरखरीत दिसेल, त्यात तंतूंची टोकं चमकतील. काळपट भाग भोकाच्या आतल्या कडेपासून सुरू होत असेल तर नळी नाही किंवा स्क्रू जास्त आवळला गेला. पाय आणि बोळकं मिळतात त्या कोपऱ्यापासून सुरू होत असेल तर कडी जाम आहे, काटा लावून मोजा. आणि काळपट भाग मुळीच नसेल, सगळं तोंड एकसारखं फिकं असेल, तर गार्ड एका दणक्यात तुटला आहे: मशीन कुठे, कुणाच्या हातून पडलं ते घरातच विचारावं लागेल.